बकासुर आपल्या केळझरचा



घरात बारा-चौदा वर्षांचं कुणी असेल, तर पर्सी जॅक्सन हे नाव तुमच्या कानावरून गेलं असेल. पर्सीचा लेखक रिक रायर्डन हा आधी अमेरिकेत शाळामास्तर होता. त्याच्या मुलाला वाचणं जड जायचं, पण ग्रीक पुराणातल्या गोष्टी आवडायच्या. त्या सांगून संपल्यावर बापाने नवीनच रचली, आणि २००५ साली तिचं पुस्तक झालं. पुढच्या मालिकेत रोमन देवही आले. जिच्याकडे पाहताच माणूस दगड होतो, ती मेदूसा पहिल्या पुस्तकात न्यू जर्सीत बागेतल्या पुतळ्यांचं दुकान चालवते! पुराण असं थेट हमरस्त्यावर आणून बसवण्याची ही खोडी मला फार आवडते.

आपल्या वर्धा जिल्ह्यात तर पुराण रस्त्यावरच आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर दगडी गोळे विखुरलेले आहेत. शेख फरीदबाबांची थट्टा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांचा सगळा माल बाबांनी दगड करून टाकला, असं सांगतात. इंग्रजी अमदानीतलं गॅझेटियर त्यांना झिओलाइट खनिजाचे गोळे म्हणतं, म्हणो बापडं.

नागपूर रस्त्यावरचं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, अशी इथली समजूत. गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस बकासुराला पोचता करायचा, तीच नगरी. भीम त्याच्यादेखतच भात हाणायला बसतो, राक्षस पाठीत गुद्दे घालतो, तरी हा जेवण संपल्याशिवाय उठत नाही. मला मात्र त्यातलं एक बोबडं पोर भावतं. त्याच्या घरावर पाळी आलेली, सगळे रडताहेत, आणि ते गवताची काडी उचलून म्हणतं, हिनंच राक्षसाला मारतो! कुमार-कादंबरीचं पहिलं पान आयतंच तयार आहे.

शिवाय वर्धा नदीपलीकडे कौंडिण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. स्वतः निरोप धाडून पळून जायचा बेत आखणारी मुलगी!

रोशनी चोक्शीने २०१८ मध्ये पांडवांवरून ‘अरू शाह’ची गोष्ट रचली, पण ती सुरू होते अटलांटात, आणि तीही इंग्रजीत. वर्ध्याची गोष्ट वर्ध्याच्याच पोरांनी लिहावी. तेव्हा मुलांनो, सुट्टीत गिरडला जा, तिथला एक गोळा हातात घेऊन पाहा, जागच्या जागी ठेवा आणि घरी येऊन वही उघडा. शुद्धलेखनाचं मागाहून बघू.