मानसची यात्रा आणि यात्रेचे उत्पन्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



धार्मिक आणि सांस्कृतिक पर्यटन हा विषय समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न अनेकांच्या मनात आला असेल. तीर्थयात्रा ही श्रद्धेची बाब आणि पर्यटन ही सुखवस्तूंची चैन, अशी सोयीस्कर वाटणी करून पुरोगामी चळवळीने हा विषय दीर्घकाळ बाजूस ठेवला. दरम्यान राज्यकर्त्यांनी तो उचलला. केंद्र सरकारने २०१४-१५ साली 'स्वदेश दर्शन' योजना आखली, तीत 'रामायण सर्किट' आले आणि अयोध्या, शृंगवेरपूर, चित्रकूट यांपासून नाशिक, हंपी, रामेश्वरपर्यंतची ठिकाणे एका सूत्रात ओवली गेली. जेथे लाखो गरीब माणसे पदरमोड करून जातात आणि जेथे सार्वजनिक पैसा ओतला जातो, तेथील उत्पन्न अखेर कोणाच्या पदरात पडते, हे विचारणे समाजवाद्यांचे कामच आहे. हा प्रश्न येथे एका काव्याच्या आधारे मांडावयाचा आहे. ते काव्य म्हणजे तुलसीदासांचे 'रामचरितमानस'.

काव्याने घडविलेली यात्रा

संवत १६३१ च्या, म्हणजे इ. स. १५७४ च्या रामनवमीस अयोध्येत या काव्याची रचना सुरू झाली, असे ते काव्यच सांगते. रामकथा संस्कृतात होतीच. तुलसीदासांनी ती अवधीत, म्हणजे त्या प्रांतातल्या शेतकऱ्याच्या, विणकराच्या, नावाड्याच्या बोलीत आणली. ज्ञानेश्वरांनी गीतेच्या बाबतीत व एकनाथांनी 'भावार्थ रामायणा'त जे केले, त्याच जातीचे हे कार्य. पोथी समजू लागली तेव्हा पोथीतली स्थळेही लोकांना आपली वाटू लागली. चित्रकूटच्या कामदगिरीला प्रदक्षिणा घालणाऱ्या निरक्षर माणसालाही तेथे काय घडले हे तोंडपाठ असते. त्याला तेथवर आणण्यासाठी कोणत्याही जाहिरातीची गरज पडत नाही. प्रादेशिक महाकाव्य पर्यटनास चालना कशी देते, याचे पहिले उत्तर हे की, ते प्रवासाची इच्छा पिढ्यान्‌पिढ्या आणि विनामूल्य निर्माण करीत राहते.

दुसरे उत्तर अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. एखाद्या गावाला पर्यटनापासून होणारा लाभ केवळ येणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही. माणूस तेथे किती दिवस राहतो यावर तो मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. बसमधून उतरून अर्ध्या तासात दर्शन आटोपणारा प्रवासी गावात नारळ आणि चहा यांपलीकडे फारसे काही सोडून जात नाही. मानसची परंपरा मात्र माणसाला थांबविणारी आहे. या काव्याच्या पारायणाचे नऊ दिवसांचे व तीस दिवसांचे विश्राम ठरलेले असून छापील पोथ्यांत ते नोंदलेले असतात. काशीच्या समोरच्या तीरावरील रामनगरची रामलीला अनंत चतुर्दशीपासून कोजागिरीच्या सुमारापर्यंत, सुमारे एक महिना चालते. तिला एकच एक रंगमंच नाही. गावाचेच निरनिराळे भाग अयोध्या, जनकपूर, पंचवटी आणि लंका होतात, आणि प्रेक्षक लीलेमागोमाग चालत राहतात. ध्वनिक्षेपक नाही, विजेचे झगमगाट नाहीत, तिकीट नाही. रामायणी मंडळी समग्र मानस गातात. रोज न चुकता येणाऱ्या श्रोत्यांना 'नेमी' म्हणतात. रावणाचे पुतळे व शोभेची दारू करणाऱ्या कारागिरांत मुसलमान कुटुंबे आहेत. युनेस्कोने २००८ साली रामलीलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, आणि मानसच्या हस्तलिखितांची नोंद २०२४ साली त्याच संस्थेच्या आशिया-पॅसिफिक स्मृतिपटात झाली. हा गौरव सिमेंटच्या बांधकामास मिळालेला नाही. पोथी, कंठ आणि कारागिरी सांभाळणाऱ्या सामान्य माणसांच्या शतकानुशतकांच्या श्रमाला तो मिळाला आहे.

श्रमिकांची पोथी

या काव्याचा प्रवास श्रमिकांच्या खांद्यावरून झाला आहे, हेही विसरता कामा नये. १८३४ पासून मॉरिशसला, १८४५ पासून त्रिनिदादला, १८७३ पासून सुरिनामला आणि १८७९ पासून फिजीला गिरमिटिया मजूर नेण्यात आले. ऊसमळ्यांच्या गुलामीसदृश जीवनात मानसचे पठण हा त्यांचा आधार होता. त्यांचे वंशज आज अयोध्या-काशीस येतात ते याच दुव्यामुळे.

फिजीतील अशा मजुरांपैकी एक होते बाबा रामचंद्र. मूळ नाव श्रीधर बळवंत जोधपूरकर. महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यातले. हिंदुस्थानात परतल्यावर ते अवधच्या खेड्यापाड्यांत मानस गात हिंडू लागले, आणि त्या श्रोत्यांतूनच कुळांची संघटना उभी राहिली. बेदखली, नजराणा आणि वेठबिगार यांविरुद्ध १९२० साली अवध किसान सभा स्थापन झाली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात खुद्द अयोध्येत हजारो किसानांचा प्रचंड मेळावा भरला. त्याच वर्षी जवाहरलाल नेहरूंना खेड्यांतले दारिद्र्य प्रथम जवळून दिसले, ते या चळवळीमुळेच. १९२१ साली सरकारला अवधचा कूळकायदा दुरुस्त करावा लागला. अयोध्येच्या इतिहासातील हे पर्व सर्किटच्या कोणत्या माहितीफलकावर येणार, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी जरूर विचारावा.

लोहियांचा मेळा

समाजवादी चळवळीला या विषयाचे वावडे असावयाचे कारण नाही. कारण त्याचा सर्वांत मूलगामी विचार चळवळीच्याच एका नेत्याने केला. डॉ. राममनोहर लोहिया फैजाबाद जिल्ह्यातल्या अकबरपूरचे. स्वतः ईश्वर न मानणारे. १९६१ च्या सुमारास त्यांनी चित्रकूट येथे रामायण मेळा भरविण्याची कल्पना मांडली. निरनिराळ्या भाषांतील रामायणे तेथे एकत्र गायली जावीत, तुळशीशेजारी कंबन आणि कृत्तिवास बसावेत, उत्तरेच्या माणसाने दक्षिणेची रामकथा ऐकावी, आणि त्यातून आनंदाबरोबर दृष्टीही व्यापक व्हावी, असा त्यांचा हेतू होता. १९६७ साली त्यांचे निधन झाले. मेळा प्रत्यक्षात भरला तो १९७३ साली. तेव्हापासून तो महाशिवरात्रीच्या सुमारास भरत आला आहे.

लोहियांच्याच सूचनेवरून मकबूल फिदा हुसेन यांनी हैदराबादच्या बद्रीविशाल पित्तींकडे रामायणावरील चित्रमालिका काढली. हुसेन जन्माने पंढरपूरचे. तोच चित्रकार २००६ नंतर मायदेशी राहू शकला नाही आणि २०११ साली लंडनमध्ये मरण पावला. लोहियांच्या कल्पनेतील सांस्कृतिक पर्यटन आणि आजचे पर्यटन यांत केवढे अंतर पडले आहे, ते या एका चरित्रावरून कळते.

उत्पन्नाची वाटणी

आता चित्रकूटची आजची अर्थव्यवस्था पाहावी. अमावास्येला आणि दिवाळीच्या दीपदानास तेथे अफाट गर्दी लोटते. एरवीचे दिवस मंद जातात. म्हणजे रोजगार ठरावीक दिवसांपुरता आणि भाववाढ मात्र कायमची. मानसच्या अयोध्याकांडात चित्रकूटचे कोल-किरात पानांच्या द्रोणांतून कंदमुळे आणि फळे घेऊन रामाचे स्वागत करतात. काव्यात ते यजमान आहेत. त्याच कोलांचे वंशज शेजारच्या पाठा भागात तेंदूपाने गोळा करतात, आणि स्त्रिया जळणाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन माणिकपूरच्या जंगलातून गाडीने विकावयास नेतात. चित्रकूट दोन राज्यांत विभागलेले आहे. मध्य प्रदेशात कोल अनुसूचित जमातीत मोडतात, उत्तर प्रदेशात अनुसूचित जातीत. परिणाम असा की, २००६ च्या वनाधिकार कायद्यान्वये हक्क मागताना सीमेच्या एका बाजूच्या कोलास तीन पिढ्यांचे, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते, दुसऱ्या बाजूच्या त्याच्या सोयऱ्यास ते लागत नाही. कामदगिरीची प्रदक्षिणा दोन्ही राज्यांतून निर्वेध होते. हक्काची मात्र सीमेवर अडते.

हा जिल्हा १९९७ साली बांद्यातून वेगळा झाला तेव्हा त्याला छत्रपती शाहूजी महाराजांचे नाव देण्यात आले होते. पुढच्याच वर्षी ते बदलून चित्रकूट करण्यात आले. यात्रेकरूंना ओळखीचे नाव हवे हे मान्य. परंतु तीर्थाचे नाव राहिले आणि सामाजिक न्यायाचे गेले, हा योग नुसता नावापुरता नाही.

मानसमधला केवट रामाला गंगापार नेतो आणि उतराई नाकारतो. त्याच्या वंशाचा अभिमान सांगणारे निषाद नावाडी आज घाटावर उतराईसाठीच झगडत आहेत. काशीत मोठ्या क्रूझ नौका आल्या तेव्हा त्यांनी विरोध केला तो याच भयाने. भांडवल मोठे झाले की, प्रवासी तोच राहतो. भाडे घेणारा हात बदलतो. हॉटेलांच्या साखळ्या, दूरच्या शहरातून चालणारी आरक्षणाची दुकाने, बाहेरचे कंत्राटदार यांच्याकडे खर्चाचा मोठा भाग वळतो आणि गावाच्या वाट्याला झाडलोट व हमाली उरते. अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात.

अयोध्येत याचे मोठे रूप दिसले. मंदिरातील प्राणप्रतिष्ठा २२ जानेवारी २०२४ रोजी झाली. तत्पूर्वी रामपथाच्या रुंदीकरणात जुन्या दुकानदारांची दुकाने पूर्णतः वा अंशतः पाडली गेली. त्यांतले अनेक मठ-मंदिरांचे भाडेकरू. मालकी नसल्याने भरपाईचा दावाही दुबळा. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तो रस्ता जागोजाग खचला आणि अभियंत्यांना निलंबित करावे लागले. जूनमध्ये फैजाबादच्या मतदारांनी सत्ताधारी पक्षाचा पराभव करून अवधेश प्रसाद या दलित उमेदवारास लोकसभेवर पाठविले. त्या निकालास कारणे अनेक असतील. परंतु पर्यटकांच्या आकड्यांनी स्थानिकांचे समाधान होतेच असे नाही, एवढे त्यातून निश्चित निघते. शिवाय हे आकडे भेटींचे असतात, माणसांचे नव्हेत. अयोध्या, काशी आणि प्रयाग करणारा एकच यात्रेकरू तीनदा मोजला जातो.

आक्षेपाचा विचार

फुले-आंबेडकरांच्या विचारावर वाढलेला कार्यकर्ता विचारील की, ज्या पोथीत शूद्र आणि स्त्रिया यांविषयी अवमानकारक वचने आहेत तिचा प्रसार कशाला करावयाचा? आक्षेप खरा आहे. तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०२३ साली बिहार-उत्तर प्रदेशात याच वचनांवरून वादळ उठले होते. लोहियांनी या प्रश्नाला बगल दिली नव्हती. तुळशीच्या काव्यात रत्ने आहेत तसा केरकचराही आहे, आणि धर्माच्या नावाने दोन्ही सारखेच पवित्र ठरविल्यामुळे विवेक मारला गेला, अशी त्यांची भूमिका होती. रत्नांसाठी केर गिळू नये आणि केराबरोबर रत्नेही फेकू नयेत. अशी पाखडणी जाहीर सभेत, श्रोत्यांसमोर, पोथी हातात घेऊन करता येते; लोहियांना मेळा हवा होता तो त्यासाठीही. पोथी प्रतिपक्षाच्या हाती सोडून दिली की पाखडणी थांबते आणि उरते ती केवळ पूजा.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर पंचवटी सर्किटमध्ये आहे. त्याच पंचवटीत काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, काही वर्षे चालला, आणि दरवाजे उघडले नाहीत. पंचवटीस येणाऱ्या यात्रेकरूला सीतागुंफेबरोबर हा इतिहासही सांगितला गेला पाहिजे. त्यावाचून ते सांस्कृतिक पर्यटन अपुरे राहील.

काय मागावे?

तात्पर्य, समाजवाद्यांनी यात्रेला विरोध करावयाचा नाही. यात्रेच्या उत्पन्नाची वाटणी बदलावयाची आहे. त्यासाठी मागण्या नेमक्या असाव्यात. एक, सार्वजनिक पैसा प्रथम पिण्याचे पाणी, शौचालये, स्वस्त धर्मशाळा आणि साध्या डब्यांच्या गाड्या यांवर खर्च व्हावा. यात्रेतील बहुसंख्य माणसे तेथेच राहतात आणि तशीच येतात. दोन, नौकानयनाचे परवाने नावाड्यांच्या सहकारी संस्थांना मिळावेत. चित्रकूटच्या लाकडी खेळण्यांना 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत स्थान मिळाले आहे. त्या कारागिरांना लाकूड आणि विक्रीची जागा हक्काने मिळावी. तीन, २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार फेरीवाल्यांची नोंद झाल्यावाचून एकाही तीर्थस्थळी रुंदीकरण होऊ नये. चार, यात्रेच्या सफाईकामात २०१३ च्या हाताने मैला वाहण्यावरील बंदीच्या कायद्याचे कसोशीने पालन व्हावे. पाच, रामलीला मंडळ्या, रामायणी आणि बहुभाषिक रामायण मेळे यांना अनुदान मिळावे. माणूस गावात थांबला तरच राजापूरची हस्तलिखित पोथी आणि कर्वी येथील विनायकराव पेशव्यांची गणेशबाग पाहावयास त्याला सवड होईल, आणि त्याचा पैसाही चार घरांत फिरेल.

२०२६-२७ चा सिंहस्थ नाशिक-त्र्यंबकेश्वरचा आहे. कोणती जमीन कोणाकडून घेतली, कंत्राटे कोणास दिली, रामकुंडाभोवतीच्या फेरीवाल्यांचे आणि सफाई कामगारांचे काय झाले, याची घरोघर जाऊन केलेली पाहणी नाशिक जिल्ह्यातील शाखांनी हाती घ्यावी व तिचे निष्कर्ष लोकांसमोर ठेवावेत. बाबा रामचंद्रांनी पोथी वाचून झाल्यावर श्रोत्यांना त्यांच्या खंडाचा हिशेब विचारला होता. कार्यकर्त्यांचे काम याहून वेगळे नाही.