रिकाम्या जागा भरा

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)

मी राज्य सरकारचा नोकर, शिक्षण डिप्लोमापर्यंतचे. पण नोकरीत नोंदी हाताळण्यात बरीच वर्षे गेली, त्या अनुभवावर चार शब्द बोलतो.

मध्यंतरी मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी ‘हैदराबादचे मराठी इतिहासकार’ अशी यादी हवी होती. आम्ही विकिडेटा उघडला. २०१२ साली सुरू झालेला हा माहितीसाठा सर्वांना खुला आहे. विकिपीडियात लेख असतात, इथे सुट्या नोंदी. प्रत्येक नोंदीचे मुख्य भाग तीन. उदाहरणार्थ, ‘सेतुमाधवराव पगडी – जन्मस्थळ – निलंगा’. यातला एक भाग पुसला की प्रश्न तयार: ‘कोण? – जन्मस्थळ – निलंगा’. शाळेतल्या रिकाम्या जागाच या! खाली ‘कोण? – व्यवसाय – इतिहासकार’ अशी ओळ जोडली की दोन्ही अटींत बसणारीच नावे येतात. या प्रश्नभाषेचे नाव स्पार्कल. नावांचा घोळ नको म्हणून प्रत्येक गोष्टीला क्रमांक असतो. आपले शहर क्यू१३६१. सिंधमधल्या हैदराबादचा क्रमांक वेगळा, निजामाच्या संस्थानाचा आणखी वेगळा.

आम्ही ‘जन्मस्थळ हैदराबाद’ असे विचारले. यादीत पगडी नाहीत! मुलगी म्हणाली, “बाबा, आजोबांच्या कपाटात तर त्यांची पुस्तके आहेत.” चूक आमच्या प्रश्नाची होती. पगडींचा जन्म १९१० सालचा, निलंग्याचा. निलंगा तेव्हा हैदराबाद संस्थानात होते, १९५६ साली मुंबई राज्यात गेले, १९६० साली महाराष्ट्रात आले. शहराचा क्रमांक देऊन संस्थानातली माणसे कशी सापडणार?

आपल्यातल्या कितीतरी घरांची हीच कथा आहे. आपले आजोबा मराठवाड्यातून आपल्याच राजधानीत आले होते. परराज्यात ते गेले नाहीत, सरहद्द सरकली. म्हणून प्रश्न विचारताना ठिकाणाबरोबर काळही विचारावा लागतो.

दुसरी गोष्ट. उत्तर कोरे आले म्हणजे तसा माणूस झालाच नाही असे नव्हे, कोणी नोंद केली नाही एवढेच. हा साठा संशोधक आणि सॉफ्टवेअर करणारी आपली मुले विनाशुल्क, विनापरवाना वापरतात. आपण तिथे नसलो, तर त्यांच्या कामातही नसणार.

म्हणून विनंती. घरातल्या सर्वांची नावे तिथे घालायची नाहीत. ज्यांचे काम सार्वजनिक आहे आणि ज्याला छापील पुरावा आहे, अशा लेखकांची, शिक्षकांची, संस्थांची नोंद करू. त्यासाठी जुन्या स्मरणिका, अहवाल, निमंत्रणपत्रिका रद्दीत देऊ नका. आधी तारखा उतरवून घ्या. लिहायला तरुण मुले आहेत, सांगायला वडीलधारे हवेत, आणि ते दरवर्षी कमी होत आहेत.

बाप्पाचे विसर्जन केले तरी तो पुढच्या वर्षी येतो. कागद एकदा गेला की येत नाही.

गणपती बाप्पा मोरया!