ओव्हल १९७१: 'आपण' जिंकलो, 'ते' हरले

गणपती तोंडावर आलेत. गावी जायची तिकिटं झाली असतील, रजा मंजूर झाली नसेल तर मॅनेजरच्या मागे लागणं चालू असेल. अशा वेळी आजचा विषय एकदम फिट आहे. आज बोलू या एका टेस्ट मॅचबद्दल. तारीख २४ ऑगस्ट १९७१, ठिकाण लंडनचं ओव्हल मैदान. भारताने इंग्लंडमध्ये जिंकलेली ही पहिली टेस्ट. १९३२ पासून आपण तिकडे खेळायला जात होतो, म्हणजे पहिला विजय मिळायला ३९ वर्षं लागली. आणि ज्या दिवशी तो मिळाला त्या दिवशी होती गणेश चतुर्थी!

आता तुम्ही म्हणाल, बाबा, तुझा जन्म तरी झाला होता का? नव्हता. माझ्या बाबांनासुद्धा ती मॅच आठवत नाही. माझ्या पिढीसाठी परदेशातला विजय म्हणजे गॅबा. पण आमच्या चौल, रेवदंडा, नागाव पट्ट्यात गणपतीच्या दिवसांत ओटीवर चार म्हातारी माणसं बसली आणि क्रिकेटचा विषय निघाला, की गाडी ओव्हललाच जाऊन थांबते. लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून गेल्या गणपतीत मी एक काम केलं. फोनचा रेकॉर्डर चालू करून सात-आठ आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारला: त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता?

थोडी पार्श्वभूमी देतो. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव रायगड नव्हतं, कुलाबा होतं. रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळालं. टीव्ही गावात नव्हताच. ट्रान्झिस्टर होता, तोही मोजक्या घरांत. मुंबईहून चाकरमानी आला की त्याच्या पिशवीत मिठाईबरोबर नवे सेल असायचे. इंग्लंडची वेळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेचार तास मागे होती. मॅच तिकडे दुपारी पावणेतीनच्या सुमारास संपली, म्हणजे आपल्याकडे सव्वासात. सव्वासात, चतुर्थीचा दिवस. घरोघरी काय चालू असणार? आरती!

माझे चुलत आजोबा सांगतात, आरती मध्येच थांबवली होती. शेजारचे मास्तर म्हणतात, छे, थांबवली नव्हती, पळवली होती. एक आजी म्हणाल्या, "आम्ही आत चुलीपाशी. ओटीवर एकदम ओरडा झाला, मला वाटलं साप निघाला. बाहेर येऊन बघते तर सगळे पुरुष रेडिओभोवती नाचतायत आणि गणपतीकडे सगळ्यांची पाठ." हे रेकॉर्डिंग मी कितीही वेळा ऐकलं तरी हसू येतं.

आता मॅच. स्कोअरकार्ड समोर ठेवून सांगतो, कारण खरी मजा तपशिलात आहे. मालिका तीन टेस्टची. लॉर्ड्स आणि मँचेस्टर, दोन्ही ड्रॉ. इंग्लंडचा संघ तेव्हा २६ टेस्ट हरला नव्हता. ओव्हलला त्यांनी पहिल्या डावात ३५५ केल्या. दुसरा दिवस पावसाने पूर्ण धुतला. आपण २८४, म्हणजे ७१ धावांनी मागे. इथपर्यंत कोणीही म्हणेल, चला, हीसुद्धा ड्रॉ, किंवा त्याहून वाईट.

मग सोमवारी, २३ तारखेला, भागवत चंद्रशेखर बॉलिंगला आला. लहानपणी पोलिओ झालेला आणि त्याच उजव्या हाताने बॉलिंग करणारा लेगस्पिनर. ३८ धावांत ६ विकेट. एडरिचची दांडी उडाली, पुढच्याच बॉलवर फ्लेचर सोलकरच्या हातात. त्यानंतर ॲलन नॉट. पहिल्या डावात ९० काढणारा हा नॉट दुसऱ्या डावात एका धावेवर गेला. वेंकटराघवनच्या बॉलिंगवर शॉर्टलेगला एकनाथ सोलकरने झेप घेऊन जमिनीलगत कॅच घेतला. हेल्मेट नाही, काही नाही, बॅट्समनच्या अगदी नाकासमोर. हा सोलकर मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. इंग्लंड ऑल आऊट १०१.

टार्गेट १७३. आज आपण म्हणू, एवढंच? तेव्हा त्यासाठी १०१ ओव्हर खेळलो आपण. इंग्लंडच्या त्या १०१ धावा, आपल्या या १०१ ओव्हर. सोमवारी संध्याकाळी २ बाद ७६, अजून ९७ हवेत. मंगळवारी सकाळी एकही धाव वाढायच्या आत कॅप्टन अजित वाडेकर ४५ वर रन आऊट. पुढे दिलीप सरदेसाई ४०, विश्वनाथ ३३. १७० वर विश्वनाथ गेला. आबिद अली आला आणि त्याने कट मारून चौकार घेतला. १७४, सहा बाद. संपलं. फारुख इंजिनीयर २८ वर नाबाद.

त्या अकरांत वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मांकड आणि इंजिनीयर असे सहा जण मुंबईच्या संघाचे. त्यातला सरदेसाई मूळचा मडगावचा. म्हणजे आमच्या ओटीवरच्या लोकांना ही मॅच घरचीच वाटली असणार.

आता एक गंमत. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तीन जणांनी छातीठोकपणे सांगितलं की त्या दिवशी गावसकरने मॅच काढून दिली. स्कोअरकार्ड सांगतं, दुसऱ्या डावात गावसकर शून्य. जॉन स्नोने पायचीत केलं. मी हे एका आजोबांना दाखवलं, तर ते म्हणाले, "तुझ्या मोबाइलमध्ये काहीतरी चुकीचं आहे." वाद घातला नाही. त्याच वर्षी वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात गावसकरने ७७४ धावा केल्या होत्या आणि ती मालिकाही आपण जिंकली होती. पन्नासेक वर्षांत दोन दौरे डोक्यात एकमेकांत मिसळले, एवढंच.

उलट जे खोटं वाटेल ते खरं निघालं. "ओव्हलवर हत्ती आणला होता" असं एकाने सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे काय आता! पण खरंच आणला होता. चतुर्थीचा सण म्हणून तिथल्या भारतीय चाहत्यांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून मैदानात फिरवली होती. आणि वाडेकर? ते आऊट झाल्यावर ड्रेसिंग रूममध्ये चक्क झोपले होते. जिंकल्यावर केन बॅरिंग्टनने उठवलं, असं ते स्वतः नंतर सांगायचे. संघ परत आला तेव्हा मुंबईत विमानतळापासून रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी होती. इंदूरमध्ये या विजयाची आठवण म्हणून काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली गेली.

खरं तर एपिसोड इथेच संपणार होता. मस्त नॉस्टॅल्जिया, दोन-तीन किस्से, गणपती बाप्पा मोरया. पण मध्येच एक गोष्ट झाली.

मी आयटीत आहे आणि आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट डब्लिनचा. तिथला एक सीनियर माणूस कॉलवर कधीकधी फुटबॉलच्या गप्पा मारतो. आयर्लंडवाल्यांचं ओव्हल म्हणजे १८ जून १९९४. अमेरिकेतला वर्ल्ड कप, न्यूयॉर्कशेजारचं जायंट्स स्टेडियम, समोर इटली. अकराव्या मिनिटाला रे हाउटनने लांबून बॉल गोलकीपरच्या डोक्यावरून टाकला आणि आयर्लंड १–० ने जिंकलं. तो माणूस हे सांगताना अजून पंचविशीतला वाटतो. पण सांगून झाल्यावर तो तिथे थांबला नाही. त्याच दमात म्हणाला, मग पुढच्या फेरीत नेदरलँड्सकडून २–० ने हरलो, आमचा गोलकीपर पॅकी बॉनरच्या हातातून बॉल निसटला, पण घरी आल्यावर डब्लिनमध्ये आम्ही सगळे त्यांना भेटायला गेलो होतो. जिंकणं आणि हरणं त्याने एकाच गोष्टीत सांगितलं.

मला प्रश्न पडला, आमच्या ओटीवर ओव्हलच्या पुढची गोष्ट कधीच कशी येत नाही? कारण पुढची गोष्ट आहे. १९७४. तोच वाडेकर कॅप्टन, पुन्हा इंग्लंडचा दौरा. तीनही टेस्ट हरलो. लॉर्ड्सला दुसऱ्या डावात अख्खा संघ ४२ वर आऊट, १७ ओव्हरमध्ये. दोन आकडी धावा एकट्या सोलकरने केल्या, १८ नाबाद. चंद्रशेखर दुखापतीमुळे बॅटिंगला येऊच शकला नाही. तीन वर्षांपूर्वी ज्या वाडेकरांसाठी रस्ते भरले होते, त्यांच्या मुंबईच्या घरावर दगड पडले. इंदूरच्या त्या बॅटची लोकांनी नासधूस केली. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं. ते निवृत्त झाले. पुन्हा टेस्ट खेळले नाहीत.

म्हणून मी फोन करून त्याच आजोबांना दुसरा प्रश्न विचारला. आजोबा, ७४ मध्ये तुम्ही कुठे होता?

पहिल्या प्रश्नाला प्रत्येकाने वीस-वीस मिनिटं घेतली होती. दुसऱ्याला कोणाकडून दोन वाक्यं, कोणाकडून एक. "तेव्हा नोकरीला लागलो होतो, लक्ष नव्हतं." "आठवत नाही रे." मास्तर तर म्हणाले, "ते सोड, तू जेवलास का?"

एकाच माणसाने उत्तर दिलं. ते तेव्हा कॉलेजात होते. नाक्यावरच्या सलूनमध्ये आरशाच्या वर १९७१ च्या टीमचा पेपरातला फोटो काचेत लावलेला होता. ४२ ची बातमी आली त्या आठवड्यात या पोरांनी जाऊन तो काढायला लावला. सलूनवाला नको म्हणत होता. यांनी ऐकलं नाही. मी विचारलं, मग परत कधी लावला? ते म्हणाले, "नाही लावला. त्याने तिथे खताच्या कंपनीचं कॅलेंडर लावलं." मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. ती शांतता मी एडिटमध्ये कापलेली नाही, पूर्ण एपिसोडमध्ये ऐका.

हा ब्लॉग लिहिण्यासाठी मी सगळी रेकॉर्डिंग टेक्स्टमध्ये उतरवून घेतो. तेव्हा एक गोष्ट दिसली, जी ऐकताना कळली नव्हती. १९७१ बद्दल बोलताना प्रत्येक जण म्हणतो, "आपण जिंकलो." "आपण त्यांना १०१ वर काढलं." १९७४ बद्दल जे काही थोडं बोलले, त्यात सगळीकडे, "ते हरले", "त्यांना स्विंग खेळता येत नव्हता." टीम जवळपास तीच, कॅप्टन तोच, ऐकणारा माणूस तोच. 'आपण' चं 'ते' झालं.

आणि हा म्हाताऱ्यांना हसण्याचा विषय नाही, बरं का. ४२ हा टेस्टमधला आपला नीचांक किती वर्षं टिकला? ४६ वर्षं. १९ डिसेंबर २०२० ला ॲडलेडला आपण ३६ वर गेलो. त्या दिवशीचे आपापले व्हॉट्सॲप ग्रुप आठवा. आणि बरोबर एका महिन्याने, १९ जानेवारीला, गॅबा. ३२८ चं टार्गेट, पंत ८९ नाबाद, कॅप्टन अजिंक्य रहाणे. त्याच ग्रुपवर डिसेंबरमध्ये "यांना घरी पाठवा" आणि जानेवारीत "आपण करून दाखवलं". २०२१ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीच्या अकाउंटवर काय काय लिहिलं गेलं, तेही आपण पाहिलंय. १९७४ मध्ये दगड मारायला निदान घरापर्यंत चालत जावं लागत होतं.

वाडेकरांचं पुढे काय झालं, तेही सांगतो. ते स्टेट बँकेत नोकरी करत राहिले. नव्वदच्या दशकात अझरुद्दीनच्या संघाचे मॅनेजर झाले. १९९३ मध्ये भारताने आपल्याकडे इंग्लंडला ३–० ने हरवलं, तेव्हा मॅनेजर तेच होते. पुढे निवड समितीचे अध्यक्षही झाले. १५ ऑगस्ट २०१८ ला ते गेले. त्या दिवशी सगळीकडे ओव्हल, ओव्हल आणि ओव्हल. चांगलंच होतं ते. पण मला वाटतं, ज्या माणसाने १९७४ सोसलं त्याची अर्धीच गोष्ट आपण सांगतोय.

मी ज्यांना रेकॉर्ड केलं त्यातले दोन जण या वर्षी ओटीवर नसतील. ओव्हलची संध्याकाळ ज्यांनी खरोखर ऐकली अशी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. म्हणून तुम्हाला एक काम देतो. या गणपतीत घरी गेलात की आरती झाल्यावर फोनचा रेकॉर्डर चालू करा. कोणी म्हातारं माणूस क्रिकेटचं वेड असलेलं असेल तर आधी ७१ विचारा. ते खुलतील, हत्ती सांगतील, गावसकरचं शतकही सांगतील, सांगू द्या, दुरुस्त करू नका. आणि मग हळूच ७४ विचारा. उत्तर नाही आलं तरी लगेच रेकॉर्डिंग बंद करू नका, थोडं थांबा.

जे मिळेल ते व्हॉइस नोटने पाठवा. अनंत चतुर्दशीनंतरचा एपिसोड तुमच्या आवाजांचा करू. गणपती बाप्पा मोरया!