समुद्रशैवालाची गोळी आणि थायरॉईड
(रुग्ण-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



थायरॉईडच्या तपासणीस येणारे काही रुग्ण ‘केल्प’ किंवा ‘फ्यूकस’ असे नाव असलेली बाटली आमच्यासमोर ठेवतात. वजन उतरावे म्हणून ती घेतलेली असते. ‘वनस्पतीच ती, तिचा अपाय कसला?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आज त्याविषयी बोलावयाचे ठरविले.

फ्यूकस व्हेसिक्युलोसस हे उत्तर अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यावरील तपकिरी शैवाल. युरोपात गलगंडावर समुद्री वनस्पती देण्याची जुनी प्रथा होती आणि तीत तथ्यही होते. १८११ मध्ये बर्नार कुर्त्वा यांना शैवालाच्या राखेतूनच आयोडीन गवसले. १८२० मध्ये जिनिव्हाच्या डॉ. कोइंदे यांनी ते गलगंडावर वापरले. गुण होता तो आयोडीनचा, आणि ज्याच्या आहारात त्याची उणीव होती त्यालाच तो आला.

प्रौढ व्यक्तीस दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. घरातील आयोडीनयुक्त मिठाच्या एका ग्रॅममध्ये किमान १५ मायक्रोग्रॅम असावे असा दंडक आहे. उलट, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत निरनिराळ्या शैवालांत ग्रॅममागे १६ पासून ८,००० हून अधिक मायक्रोग्रॅम आयोडीन आढळले. ज्याची मात्राच ठाऊक नाही असे औषध आम्ही तरी कुणास लिहून देणार नाही.

अतिरिक्त आयोडीनने काहींची ग्रंथी मंदावते. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर हल्ला चढविलेल्या रुग्णांत हे विशेष घडते. जुन्या गाठी असलेल्या वृद्धांत ती उलट बेफाम होते, छातीत धडधड सुरू होते, वजन घटते. असे घटलेले वजन हे आजाराचे लक्षण होय. त्यास औषधाचा गुण समजू नये. शैवालाने वजन सुरक्षितपणे उतरते, असा भरवशाचा पुरावा नाही.

गर्भवती व स्तनदा मातांनी ही गोळी टाळावी, कारण जादा आयोडीन बाळाच्या ग्रंथीपर्यंत पोचते. रक्त पातळ करणारी औषधे, लिथियम किंवा अमिओडॅरोन घेणाऱ्यांनीही ती दूर ठेवावी. काही शैवाले पाण्यातील आर्सेनिकही शोषतात. जपानी हिजिकी खाऊ नये, असा सल्ला ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने २००४ मध्ये दिला. (चायना ग्रासच्या पुडिंगला मात्र कुणी भिऊ नये! ते लाल शैवालाचे, आणि त्यात आयोडीन अत्यल्प.)

बाटली घरी असल्यास पुढील खेपेस सोबत आणावी आणि किती दिवस घेतली ते सांगावे. थायरॉईडचा स्कॅन ठरला असेल तर आधीच कळवावे. शैवालातील आयोडीनमुळे त्याचा निष्कर्ष चुकतो आणि तपासणी काही आठवडे लांबणीवर टाकावी लागते. थायरॉईडची चालू गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.