संघ निवडतं कोण?

मे २०२२ मध्ये बँकॉकला भारतानं इंडोनेशियाला ३-० नं नमवून पहिल्यांदाच बॅडमिंटनचा थॉमस चषक जिंकला. लक्ष्य सेन, श्रीकांत, सात्त्विक आणि आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी घरोघरी पोचले. पण हा संघ निवडला कुणी? भारतीय बॅडमिंटन संघटनेनं. १९३४ साली स्थापन झालेली ही संस्था राष्ट्रीय अजिंक्यपद आणि मानांकन स्पर्धा भरवते, पंच घडवते, राज्य संघटनांना एका नियमात बांधते. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वय-पडताळणीचं काम. तेरा वर्षांच्या मुलीसमोर खोट्या दाखल्यावर सोळा वर्षांची खेळाडू उभी राहिली, तर त्या मुलीची हक्काची संधीच जाते. म्हणून पालकांनो, नोंदणी करताना जन्मदाखला खराच द्या.