डोंगराच्या पलीकडची बाजू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माण तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. त्यातला एक धडा इतका अंगवळणी पडला होता, की वर्गात शिरल्याबरोबर हात आपोआप फळ्याकडे जायचा. मधोमध एक डोंगर काढायचा. डावीकडे समुद्र. समुद्रावरून निघालेले बाण डोंगर चढतात, वर जाऊन गार होतात आणि सगळा पाऊस तिथंच पाडतात. डोंगर उतरताना बाणांत काही उरत नाही. उजव्या पायथ्याशी मी एक छोटंसं घर काढायची आणि म्हणायची, 'हे आपलं गाव.' मुलं हसायची. महाबळेश्वरला वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस आणि तिथून शे-सव्वाशे किलोमीटरवर आमच्याकडे वीस इंचांचीही खात्री नाही. याला म्हणतात पर्जन्यछायेचा प्रदेश. परीक्षेत दोन मार्कांना हमखास.

हा धडा २०२४ च्या ऑक्टोबरात मी मोटारीत बसून पुन्हा एकदा पाहिला, तोही अमेरिकेत. आज त्याच प्रवासाबद्दल बोलणार आहे.

माझी मुलगी कॅलिफोर्नियात फ्रिमाँटला असते. दसरा झाला आणि शनिवार-रविवारला रजेचा एक दिवस जोडून मुलगी, जावई, अकरा वर्षांची नात आणि मी असे चौघं निघालो. बरोबर डब्यात धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी होती. जावई म्हणाले, 'आई, आधी जगातलं सगळ्यात मोठं झाड दाखवतो, मग सगळ्यात उजाड जागा.' मला वाटलं, दोन्हींच्या मध्ये विमानाचा प्रवास असेल.

पहिला मुक्काम सिकोया नॅशनल पार्क. हे १८९० साली स्थापन झालेलं राष्ट्रीय उद्यान आहे. पायथ्याशी आपल्याकडच्या माळासारखं वाळलेलं गवत आणि बुटकी झाडं. मग वळणावळणाचा घाट सुरू होतो. आंबेनळी घाटाची सवय असूनही मी डोळे मिटून बसले होते. साडेसहा हजार फुटांच्या आसपास आल्यावर नातीनं दंड दाबला, 'आजी, डोळे उघड.'

रस्त्याच्या दोन्ही अंगांना विटकरी रंगाचे खांब उभे होते. झाडं आहेत हे कळायला थोडा वेळ लागला, कारण पहिली फांदीच कुठल्या कुठे वर होती. हे महाकाय सिकोया सिएरा नेवाडा पर्वताच्या फक्त पश्चिम उतारावर, साधारण पाच ते सात हजार फुटांच्या पट्ट्यात उगवतात. नैसर्गिकरीत्या जगात दुसरीकडे कुठे नाहीत. त्यातलं सगळ्यात मोठं झाड 'जनरल शर्मन' नावाचं. उंची २७५ फूट. याहून उंच झाडं आहेत, पण खोडाचा एकूण आकार धरला तर याच्याएवढं जिवंत झाड पृथ्वीवर नाही. वय सुमारे २२०० वर्षं, म्हणजे सातवाहनांच्या काळातलं रोप. जमिनीलगत बुंध्याचा व्यास ३६ फूट. माझा नववीचा वर्ग वीस बाय चोवीस फुटांचा होता. बाकांसकट, फळ्यासकट, साठ पोरांसकट या बुंध्यात मावला असता. आणि एवढ्या झाडाचं बी हलकं किती, तर ज्वारीच्या दाण्यापेक्षाही.

एक आकडा मात्र माझ्या मनातून जाईना. असं पूर्ण वाढलेलं झाड उन्हाळ्यात दिवसाला दोन ते तीन हजार लिटर पाणी पितं. श्रोतेहो, आम्ही टँकरच्या हिशेबात वाढलेली माणसं. दहा हजार लिटरचा टँकर गावात आला की किती घरांना किती हंडे, हे मला झोपेतही सांगता येतं. इथं एकेक झाड चार-पाच दिवसांत एक टँकर रिकामा करत होतं! हे पाणी येतं कुठून? हिवाळ्यात पॅसिफिक महासागरावरून आलेले ढग या पश्चिम उतारावर बर्फ टाकतात. पाऊस आणि बर्फ मिळून चाळीस इंचांच्या वर. तो बर्फ उन्हाळाभर हळूहळू विरघळतो आणि झाडांच्या मुळांशी मुरत राहतो.

त्या जंगलात दुसरीही एक गोष्ट पाहिली. घाटात जागोजागी कोळसा झालेली झाडं उभी होती. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतल्या वणव्यांत मोठ्या सिकोयांपैकी तेरा ते एकोणीस टक्के मेले, असा उद्यानाचा अंदाज आहे. दोन-दोन हजार वर्षं आगीतून तगलेली झाडं होती ती. त्यांची साल दोन फुटांपर्यंत जाड असते आणि बी रुजायला त्यांना आग लागतेच. धगीनं बोंडं उकलतात, पालापाचोळा जळून माती मोकळी होते, तेव्हा रोप धरतं. पण माणसांनी मायेपोटी प्रत्येक लहान आग विझवली, दशकानुदशकं विझवली. खाली काटक्या-झुडपांचा भारा साठत गेला. त्यात दुष्काळ आणि वाढतं तापमान. मग आग लागली ती थेट शेंड्याला पोहोचली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून इथले लोक मुद्दाम, ठरवून छोट्या आगी लावू लागले. जिथं असं वेळोवेळी जाळलं होतं, तिथलं नुकसान कमी झालं. शर्मनच्या बुंध्याला तर २०२१ मध्ये चमकत्या पत्र्यासारखी आगरोधक चादर गुंडाळली होती. नातीनं फोनवर तो फोटो दाखवला. पोळ्या गुंडाळतात तसा गुंडाळलेला तो राक्षस पाहून मला हसू आलं आणि गलबलूनही आलं.

संध्याकाळी मी जावयांना विचारलं, 'या डोंगराच्या पलीकडे काय आहे?' ते म्हणाले, 'उद्या तिथंच जायचंय.' सरळ रेषेत मोजलं तर पलीकडचं लोन पाइन हे गाव तिथून चाळीस मैल. पण मध्ये सिएराचा सगळ्यात उंच भाग आडवा. आपल्या सह्याद्रीला कसे आंबेनळी, कुंभार्ली, वरंधा असे घाट आहेत, तसा तिथं पार होणारा एकही मोटाररस्ता नाही. डोंगराला वळसा घालून जायचं, म्हणजे जवळपास तीनशे मैल.

दुसरा दिवस त्या वळशात गेला. संत्र्यांच्या बागा, बदामाच्या बागा, बेकर्सफील्डजवळ तेल उपसणारे पंप. तेहाचापीच्या खिंडीत पवनचक्क्यांचं रान लागलं आणि खिंड उतरताच कुणी तरी दिवा घालवावा तसा हिरवा रंग गेला. समोर मोहावी वाळवंट. तिथून उत्तरेला वळलो. आता सिएरा आमच्या डाव्या हाताला होता, म्हणजे काल ज्याच्या त्या अंगाला होतो, त्याच्या या अंगाला. मी मोटारीत एकटीच हसत होते. मुलीनं विचारलं, 'आई, काय झालं?' म्हटलं, 'अगं, फळ्यावरची उजवी बाजू आली.'

लोन पाइनमधून व्हिटनी शिखर दिसतं, १४,५०५ फूट. अलास्का सोडला तर अमेरिकेतलं सगळ्यात उंच. या खोऱ्याला ओवेन्स व्हॅली म्हणतात. वर्षाचा पाऊस पाचेक इंच. गावाच्या दक्षिणेला राखाडी-पांढऱ्या रंगाचा अफाट सपाट पट्टा पसरला होता. मी लगेच बाईंच्या आवाजात नातीला सांगायला लागले, की बघ, ढग डोंगरावरच रिकामे झाले, म्हणून इथं असा उजाड...

जावई हळूच म्हणाले, 'आई, तो तलाव होता.'

पर्जन्यछाया तिथं पूर्वीपासून आहेच. पण डोंगरावरचा बर्फ या अंगालाही विरघळून ओढ्यांनी खाली येतो, ओढे ओवेन्स नदीला मिळतात आणि नदी या तलावाला मिळत असे. शंभरावर चौरस मैलांचा तलाव. १८७० च्या दशकात त्यातून आगबोट चालायची, खाणीतल्या चांदीच्या विटा वाहून न्यायची. पाऊस पाच इंच आणि आगबोट! मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिस शहराला पाणी कमी पडू लागलं. शहराच्या माणसांनी गाजावाजा न करता खोऱ्यातल्या जमिनी पाण्याच्या हक्कांसकट विकत घेतल्या. विल्यम मुल्होलंड या अभियंत्यानं २३३ मैलांचा कालवा आणि नळ बांधला. एकही पंप नाही, सगळं पाणी उतारानं जातं. अभियांत्रिकी म्हणून हात जोडावेत असं काम. ५ नोव्हेंबर १९१३ ला पाणी शहरात पोहोचलं आणि १९२० च्या दशकात तलाव आटला. १९२४ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी कालव्याला सुरुंग लावले, एकदा दरवाजे ताब्यात घेऊन पाणी पुन्हा नदीत सोडलं. उपयोग झाला नाही. अर्थात या शेतकऱ्यांच्याही आधी इथं पायूट आदिवासी पाट काढून रान भिजवत होते आणि त्यांचं पाणी या शेतकऱ्यांनी घेतलं होतं. ती बाजूही सांगायला हवी.

आटलेल्या तळातून इतकी खारी धूळ उडायची, की अमेरिकेतला बारीक धुळीचा तो सगळ्यात मोठा एकच उगम ठरला. शेवटी २००१ पासून शहराला त्याच तळावर थोडं पाणी परत सोडावं लागलं, ते केवळ धूळ बसावी म्हणून. त्या उथळ पाण्यावर आता पक्षी येतात. जावई लॉस एंजेलिसला शिकायला होते. म्हणाले, 'मी हेच पाणी प्यायलोय आई, तेव्हा काही माहीत नव्हतं.'

मी गप्प झाले. त्याचं कारण सांगते.

२००३ च्या दुष्काळात माणमध्ये जनावरांच्या छावण्या होत्या. छावणीत गुरांजवळ रात्र काढून एक मुलगा नववीच्या वर्गात येऊन बसायचा. मी नेहमीप्रमाणे डोंगर काढला, बाण काढले, घर काढलं. त्यानं हात वर केला. 'बाई, तिकडं एवढं पडतंय, तर त्ये पाणी जातंय कुठं?' मी म्हटलं, 'नदीला. नदी समुद्राला. पुढचं पान काढा.'

उत्तर चूक नव्हतं, पण अर्धं होतं. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना खरं तर पूर्वेकडे येऊन कृष्णेला मिळणारी नदी. तिचं धरणात अडवलेलं पाणी वर्षाला साठ टीएमसीहून अधिक, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरवतात, वीज करतात आणि ते वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जातं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्याच विजेच्या दिव्याखाली मी वह्या तपासायची. माणचं पठार उंच, तिथं पाणी चढवायला खर्च येतो, महाराष्ट्राला विजेचीही गरज होती, हे सगळं मला कळतं. अलीकडे उरमोडीचं पाणी उपसून माण-खटावच्या काही भागात आलं, तेही मी पाहिलंय. पण त्या मुलानं डोंगराबद्दल विचारलंच नव्हतं. त्यानं पाण्याबद्दल विचारलं होतं. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. त्याच्या घरची माणसं ऊसतोडीला गेली होती.

तिसऱ्या दिवशी आणखी पूर्वेला, पॅनामिंट डोंगर ओलांडून डेथ व्हॅलीत उतरलो. इतके डोंगर पार करून येणाऱ्या वाऱ्यात काही शिल्लकच नसतं. वर्षाचा पाऊस जेमतेम दोन इंच. १० जुलै १९१३ ला इथं १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सियस नोंदलं गेलं. या आकड्याबद्दल तज्ज्ञांत वाद आहेत, पण अधिकृत जागतिक उच्चांक अजून तोच. बॅडवॉटर नावाची जागा समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली आहे. मिठाच्या पापुद्र्यावर उभं राहून मागच्या कड्याकडे पाहिलं, तर खूप उंचावर पाटी दिसते, 'समुद्रसपाटी'. नातीनं बोट लावून मीठ चाखलं आणि तोंड वाकडं केलं. मला मात्र ते माळरान ओळखीचं वाटलं. आणि ते रिकामंही नाही. टिंबिशा शोशोनी आदिवासी पिढ्यानपिढ्या याच खोऱ्यात राहत आलेत. २००० साली त्यांच्या जमिनीचा काही भाग कायद्यानं त्यांना परत मिळाला.

रात्री मुक्कामावर नातीनं चित्रांची वही काढली. 'आजी, तुझा डोंगर काढ ना.' मी काढला. डावीकडे समुद्र, उतारावर मोठी झाडं, मग शिखर, बाण, उजव्या पायथ्याशी घर. तिनं पेन्सिल घेतली, उजव्या पायथ्यापासून जाड रेघ ओढत डोंगराला वळसा घालून समुद्राकाठी नेली आणि टोकाला नळ काढला. मग विचारलं, 'आणि तुझ्या गावचा पाइप कुठून जातो?'

तिच्या हातातून पेन्सिल घेऊन मी डोंगराच्या पोटातून डावीकडे, समुद्राकडे जाणारी रेघ काढली. एकतीस वर्षांत ती मी फळ्यावर एकदाही काढली नव्हती.