उशीर कोणत्या दिवसापासून?

मुलाचा आजार उशिरा ओळखला गेला, असे आपण किती सहज म्हणून जातो! परंतु हा उशीर कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत मोजला, असे विचारले की बोलणारा थबकतो. या विषयावरील कितीतरी शोधनिबंधांनाही याचे सरळ उत्तर देता येत नाही.

आम्हां सरकारी नोकरांना हा प्रश्न परिचयाचा आहे. एखादे प्रकरण तीस दिवसांत निकालात निघाले, असे अहवालात आले की जाणता अधिकारी विचारतो : हे दिवस आवक नोंदवहीतल्या तारखेपासूनचे, की अर्जदाराने अर्ज टपालात टाकला तेव्हापासूनचे?

मेंदूत गाठ झालेल्या मुलाचे उदाहरण घेऊ. सकाळी उठल्याउठल्या उलटी होते, डोके दुखते, पुढे चालताना तोल जाऊ लागतो. आईबाप प्रथम घरगुती उपाय करतात. मग जवळच्या डॉक्टरांकडे जातात. ते पित्तावर औषध देतात. आणखी दोन दारे हिंडून झाल्यावर कोणीतरी मोठ्या रुग्णालयाला चिठ्ठी देतो आणि तेथे निदान होते. पहिले लक्षण, पहिली भेट, चिठ्ठी आणि निदान असे या वाटेवर चार टप्पे आहेत. एक संशोधक पहिल्यापासून मोजतो, दुसरा दुसऱ्यापासून. आणि दोघेही आपल्या आकड्याला 'विलंब' हेच नाव देतात! मग असे दोन आकडे शेजारी मांडून कोणी आईबापांना दोष देतो, कोणी डॉक्टरांना. डेन्मार्कमधील आरहूस या शहराच्या नावाने ओळखले जाणारे, कर्करोगाच्या निदानविषयक संशोधनाचे निवेदन २०१२ साली प्रसिद्ध झाले, ते हा गोंधळ आवरण्यासाठीच. प्रत्येक टप्प्याची व्याख्या काय केली आणि तारीख कोठून मिळविली, हे निबंधात लिहावे, असा त्याचा आग्रह आहे.

तारीख कोठून मिळविली, हा प्रश्न क्षुल्लक नाही. आईला विचारावे तर ती म्हणते, "गणपतीच्या आगेमागे सुरू झाले." तिचे चूक नाही, घरातला काळ असाच मोजला जातो. पण निबंधाच्या कोष्टकात त्याचे 'सतरा दिवस' होतात, आणि ते कसे झाले याचा उल्लेख नसतो.

मोजणी नीट असली म्हणजे मात्र तिचा उपयोग होतो. ब्रिटनमध्ये मुलांच्या मेंदूतील गाठींची लक्षणे लोकांना व डॉक्टरांना कळावीत म्हणून २०११ साली मोहीम सुरू झाली. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंतचा मध्यक काळ पूर्वी १४.४ आठवडे होता, तो ६.७ आठवड्यांवर आला. मध्यक म्हणजे सर्व मुलांना काळाच्या क्रमाने उभे केले असता मधोमध येणाऱ्या मुलाचा काळ. दोन्ही वेळा एकच अंतर मोजले, म्हणून ही तुलना करता आली.

याहून अवघड एक गोष्ट आहे. झपाट्याने वाढणारी गाठ लवकर त्रास देते, म्हणून लवकर सापडते. आणि तरीही मूल अनेकदा दगावते. संथ गाठ महिनोन्महिने लपून राहते, आणि मूल वाचते. रोगाची जात न सांगता नुसते आकडे मांडले, तर उशीर निरुपद्रवी आहे, असा विपरीत निष्कर्ष निघू शकतो! कोणा नियोजन करणाऱ्याने तो खरा मानला, तर तपासणीचा पैसा दुसरीकडे वळेल. शिवाय अभ्यास रुग्णालयात होतो. जे मूल रुग्णालयापर्यंत पोचलेच नाही, त्याचा उशीर कोणत्याच कोष्टकात नाही. आपल्या देशात अशी मुले थोडी नसावीत.

मुलांच्या डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगात हे कोडे थोडे सोपे होते. तेथे काळ लांबला की रोग डोळ्याबाहेर पसरण्याचा धोका वाढतो आणि डोळ्याबरोबर जीवावरही बेतते. या रोगात बाहुली पांढरी चमकते, आणि ती चमक कधीकधी बारशाच्या किंवा वाढदिवसाच्या छायाचित्रात आधीच उमटलेली असते. तेव्हा कोणाच्या ध्यानात आली नाही, तरी छायाचित्राला तारीख असते. संशोधकाने ती छायाचित्रे मागवून पाहिली, की केवळ आईच्या आठवणीवर भिस्त ठेवली, एवढे एक वाक्य निबंधात असले तरी त्यातील आकड्यावर किती विसंबावे हे वाचणाऱ्याला ठरविता येते.